बाळ्याला नाट्याला सोडताना

आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिली. त्यामुळे प्रत्येक प्रश्नावर आईचं उत्तर ठरलेलं: "शिकलेली तू, तूच ठरव." जोडीदारीण मेली आणि बाळ्या, आमचा निळा बजरीगर (देशी पोपट पाळणं गुन्हा आहे, हा तो नव्हे), पिंजऱ्यात एकटा उरला. थव्यातल्या पक्ष्याला एकटं ठेवू नये, हे मी वाचलेलं. झालं, झोप उडाली. शेवटी नाटे गावच्या इब्राहिमचाचांना फोन केला. आखातातून परतल्यावर त्यांनी घरामागे माडांच्या सावलीत जाळीची मोठी खोली बांधून पाखरं पाळली आहेत.

आमच्या सावर्ड्याहून सकाळची एसटी, रत्नागिरीला गाडी बदलायची, मग पावस, पूर्णगड, आडिवरे करत नाटे. उजवीकडे बसा, समुद्र दिसतो म्हणे. मी पिंजऱ्यावरचा पंचा सरळ करत होते.

"तुझं हाफ," कंडक्टर म्हणाले. "पण हा बाप्या ना? त्याला फुल लागेल."

मी खरंच पाकीट उघडलं. गाडी हसली. तेवढ्यात पंच्याखालून बाळ्या बोलला, "गॅस बंद केलास?"

वाक्य माझंच. घरातून निघताना मी ते इतक्यांदा विचारते की त्याला दुसरं काही शिकायला सवडच मिळाली नाही. मागच्या सीटवरच्या काकूंनी घाबरून घरी फोन लावला.

चाचांच्या पक्षीघराला दोन दारं. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. मी पहिल्याची कडी तपासली, परत तपासली.

"काय गो, तूच राहतेस काय इथं?" चाचा म्हणाले.

आत टांगलेल्या मडक्यांतून हिरवी-पिवळी डोकी डोकावत होती. नवं पाखरू आधी वेगळं ठेवतात, आजार नाही ना ते बघायला. मग थव्यात. "पण एक सांगतो," चाचा म्हणाले, "जोडी जमली की माणसाचं बोलणं बहुतेक विसरेल. चालेल?"

मी पंच्याची घडी मोडून परत घातली. घरात माझ्या काळजीला न हसणारा तो एकटाच होता.

चाचांच्या बायकोने, भाभींनी, तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं कालवण पुढ्यात ठेवलं. "आमचा लेक दुबईला. मेला फोन करत नाय. खुशाल असला की करतच नाय."

मी बाळ्याला ठेवून आले. तुम्ही जाणार असाल तर आधी फोन करा. चाचा पैसे घेत नाहीत, पाखरांच्या खाण्याला राळे घेऊन जा.

पुढे भाभींचाच फोन आला: थव्यात सोडला, एका पिवळीला खेटून बसतो.

"बोलतो?"

"एक अक्षर नाय."

मला बरं वाटलं. मग जरा रडले. दुसऱ्या दिवशी कामावर निघाले तर आईने दारातून विचारलं, "गॅस बंद केलास?" सूर अगदी बाळ्याचा.

मी चप्पल काढून परत आत जाऊन बघितलं. बंद होता.