दोन फुल्या, एक काठी

पातेलं अर्धं घासून झालं होतं, अर्धं काळंच होतं, तेवढ्यात चुलीमागे पुन्हा कुणीतरी थुंकलं. अवितियाचे राखेचे हात थांबले. तिचा नवरा क्वार्तियो असाच थुंकायचा. सिस्किया शहराच्या टांकसाळीत उभा जन्म गेला त्याचा. धुराने तोंड कायम कडू. पण त्याला माती देऊन महिना लोटला होता. तेव्हापासून रोज जेवणवेळी हा आवाज, आणि घास तांब्यात ठेवल्यासारखा कळकलेला.

"मांजर असेल," मसूर निवडत नणंद रेसिला म्हणाली.

"मांजर थुंकत नाही, वन्सं."

आंबलेल्या दारूचा वाडगा ओढताना फळीवरचं नाणं त्यात पडलं, तेलवाल्यासाठी काढून ठेवलेलं. अवितियाने ते काढून सवयीने राखेने चोळलं. चांदी बोटाला लागून आली. सम्राटाचं नाक तांबडं झालं.

"प्यायलाय वाटतं मेला," रेसिला हसली.

अवितिया हसली नाही. नाणं उलटून पाहिलं. सूर्यदेवाच्या पायाखाली दोन फुल्या, एक काठी. साच्यावर ही खूण क्वार्तियोच कोरायचा. दहा-दहाच्या दोन फुल्या म्हणजे वीस भाग तांबं, काठी म्हणजे एक भाग चांदी. "आम्ही लपवत नाही गं, देवाच्या पायाखाली लिहूनच देतो," म्हणायचा. आणि मेलेल्यांना नदीपलीकडे नेणाऱ्या नावाड्याचं भाडं म्हणून माती देताना तिने त्याच्या तोंडात घातलं ते असलंच, नवंकोरं, सगळ्यांत चकचकीत बघून.

"तोंडात मुलामा उतरला, वन्सं. नावाडी घेत नाही. हे अजून अलीकडच्याच काठावर उभे आहेत."

रेसिलाच्या हातातले मसूर सांडले.

अवितियाने कुलदेवांच्या कोनाड्यातून आईचं जुनं नाणं काढलं. काळंठिक्कर, खूण कसलीच नाही. त्या दिवशी चार लोकांत ते कळकट दिसेल म्हणून तिने दिलं नव्हतं.

"काळी पडते ती चांदीच," ती पुटपुटली.

"अगं, पण ते तू तुझ्या तोंडासाठी ठेवलेलं ना?"

"मी पोहत जाईन. माहेर कोलापिस नदीच्या काठचं आहे माझं."

"दादाला मात्र गुडघाभर पाण्यात धाप लागायची," म्हणता म्हणता रेसिलाला रडू फुटलं.

थडग्यावर दारू वाहायची मातीची नळी अवितियाने थेट त्याच्या तोंडावर बसवून घेतली होती. तिने हात धुतले, डोक्यावरून वस्त्र घेतलं आणि ते नाणं नळीतून सोडायला वेशीबाहेरच्या स्मशानाकडे निघाली.