आठ आठवड्यांआधी नाही

अक्काला बाइंडिंगच्या कारखान्यात सगळे 'करवत' म्हणत, आणि तेही तोंडावर. तीस वर्षं ती तिथे जुजबंदीला होती. छापील कागदांच्या घड्या ओळीने लावायच्या, सुईदोऱ्याने शिवायच्या, पाठीला खळ लावून वजनाखाली ठेवायच्या. हात हलका, जीभ मात्र जाताना कापायची आणि येतानाही. लग्न केलं नव्हतं. "कुणी विचारलंच नाही का?" असं एखादी नवी बाई चाचरत विचारायची, तेव्हा ती म्हणे, "विचारलं होतं एकाने. उत्तर ऐकून पळाला."

कारखान्यात उंदरांचा सुळसुळाट होता. खळीला चटावलेले उंदीर पुस्तकांच्या पाठी कुरतडायचे, म्हणून मालकाने एका भटक्या मांजरीला थारा दिला होता. त्या मांजरीने कटिंग मशीनशेजारच्या कातरणाच्या पिंपात तीन पिल्लं घातली. महिनाभर सगळं ठीक चाललं. मग एका सकाळी कागदाचा ट्रक मागे घेताना मांजरी चाकाखाली आली.

दुपारपर्यंत पिल्लांनी पिंपात आकांत मांडला. मालक काही वाईट माणूस नव्हता, त्याला फक्त कटकट नको असायची. "पोत्यात घाला आणि मंडईमागे सोडून या," तो म्हणाला. "जगायची असतील तर जगतील."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. अक्काने सुई कागदात खोचली.

"पाच वर्षं त्यांच्या आईने तुमचा माल राखला, आणि तिच्या पोरांना पोतं?"

"मग काय करू? कामावर ठेवून घेऊ?"

"तुम्ही काही करू नका. जो करतोय त्याच्या वाटेतून बाजूला व्हा."

रिकाम्या खोक्यात फडकं अंथरून तिने तिन्ही पिल्लं घरी नेली. वाटेतच त्यांची नावं ठरली. जाडजूड तपकिरी तो पुठ्ठा, काळी ती शाई आणि जेमतेम मूठभर होती ती कातरण.

घरी धाकटा भाऊ होता. टपाल खात्यातून निवृत्त झालेला, विधुर, आणि जगाला भिणारा. दारावर थाप पडली की आधी आपलं काय चुकलं ते आठवायचा. खोक्यातला आवाज ऐकून तो खुर्चीतून उठलाच.

"अक्का, चेअरमनला कळलं तर?"

"कळणारच. मांजरं आहेत, मुकी थोडीच आहेत?"

चेअरमनला तिसऱ्या दिवशी कळलं. हा गृहस्थ कुठल्याशा कंपनीत मोठा साहेब होता आणि निवृत्तीनंतर इमारतीतल्या अठ्ठेचाळीस बिऱ्हाडांवर साहेबी करायचा. जिन्यात सायकल दिसली की नोटीस, गॅलरीत चादर वाळत घातली की नोटीस. अक्काच्या दाराखालून सरकलेल्या कागदावर लिहिलं होतं, की घरातील प्रत्येक जनावराचे संपूर्ण लसीकरण झाल्याचे दाखले आठ दिवसांत सादर करावेत, अन्यथा जनावरे आवाराबाहेर काढावीत.

"देऊन टाक ना कुणाला तरी," भाऊ म्हणाला.

"दाखलेच मागितलेत ना? देऊ. त्यात काय एवढं!"

त्यात बरंच काही होतं. कारखान्याजवळच्या चौकात प्राण्यांचा एक काचेचा दवाखाना होता. काउंटरवरच्या मुलीने खोक्यात डोकावून पाहिलं, दोन बटणं दाबली आणि खर्चाचा कागद पुढे केला. अक्काने तो पुस्तकाचे पृष्ठांक तपासावेत तसा, ओळीवर बोट ठेवून वाचला. बेरीज तिच्या दीड महिन्याच्या पगाराच्या पुढे जात होती.

"ही एकच लस प्रत्येकाला तीन-तीनदा का? पहिली लागू पडत नाही?"

"पॅकेजमध्ये तसंच असतं, आजी."

"आणि हे नखांचं आणि केसांचं सौंदर्य?"

"तेही पॅकेजमध्येच. आज पैसे भरलेत तर पहिलं इंजेक्शन आत्ताच देऊ."

"तुम्ही मला यांचं वय विचारलं नाहीत," अक्का म्हणाली. "आम्ही नुसत्या कागदालासुद्धा न बघता सुई लावत नाही, बाळ. ही तर जिवंत आहेत." आणि खोकं उचलून ती बाहेर पडली.

सरकारी दवाखाना पुलापलीकडे होता. बाकावर एक शेळी, दोन कुत्री, पिशवीत कोंबडी, आणि सगळ्यांचे आपापले धनी. डॉक्टरीणबाई बारीक चणीची, बाह्या दुमडलेल्या, हातांवर ओरखडेच ओरखडे. तिने पुठ्ठ्याचं तोंड उघडून दात पाहिले.

"पाच आठवड्यांची आहेत. फार तर साडेपाच."

"सगळ्या लसी आठ दिवसांत व्हायला हव्यात."

"कोण म्हणतं?"

"चेअरमन."

डॉक्टरीण हसली. मग अक्काचा चेहरा बघून नीट समजावायला बसली. "आईच्या दुधातून आलेलं बळ अजून यांच्या रक्तात आहे. आज लस दिली तर ते बळच लसीला टिकू देणार नाही. आता ते कधी संपतं, हे नेमकं कुणालाच सांगता येत नाही. एखाद्याचं आठव्या आठवड्यात संपतं, एखाद्याचं चौदाव्या. म्हणून आठव्याला एक, बाराव्याला दुसरी, सोळाव्याला तिसरी. त्यातली एक तरी नेमकी बसावी म्हणून. रेबीजची तीन महिने झाल्यावर. पुढे वर्षाने परत यायचं. जंताचं औषध मात्र आजपासून, दर पंधरा दिवसांनी, वजनाप्रमाणे."

"म्हणजे तीनदा देणं ही लूट नव्हे?"

"नव्हे. नखांचं सौंदर्य ही लूट."

"म्हणजे त्या पोरीचं तेवढं खरं होतं," अक्का पुटपुटली. आपली चूक कबूल करणं तिला अवघड जायचं, पण केली. मग तिने खर्च विचारला. तपासणी नाममात्र, जंताचं औषध फुकट, लस मात्र बाहेरून विकत आणायची. काचेच्या दवाखान्याच्या तिसऱ्या हिश्शात सगळं बसत होतं. "पण थोडे पैसे बाजूला ठेवा," डॉक्टरीण म्हणाली. "लहान जीव आजारी पडला तर लसीच्या कितीतरी पट जातात."

कवळी करायला ठेवलेले पैसे अक्काजवळ होते. ती म्हणाली, "हे सगळं मला सहीशिक्क्यानिशी लिहून द्या. तारखांसकट."

रविवारी इमारतीच्या आवारात सभा भरली. अक्काने पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. चेअरमनने ते हातात घेतलंसुद्धा नाही.

"आठ दिवस म्हणजे आठ दिवस. नियम सगळ्यांना सारखा."

"साहेब, तुम्ही नोटीस काढा नाहीतर दवंडी पिटा. मांजर एका दिवसात एकच दिवस वाढतं."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. चेअरमनची सून बाळाला खांद्यावर थोपटत उभी होती. ती सहज म्हणाली, "बाबा, आपल्या बाळाच्याही तीन लसी अजून बाकीच आहेत की."

आता मात्र हशा पिकला. चेअरमन लालबुंद झाला. "मतदान घ्या!"

"खुशाल घ्या," अक्का म्हणाली. "पण आधीच सांगून ठेवते. ठराव माझ्या विरोधात गेला तरी पिल्लं हलणार नाहीत. न्यायची असतील तर तुम्ही स्वतः यायचं. मी दारातच असेन."

ठराव दोन मतांनी तिच्या विरोधात गेला. भावाने तिच्या बाजूने हात वर केला खरा, पण मोजणी झाल्यावर, त्यामुळे तो धरला गेला नाही. पिल्लं काढायला पंधरा दिवसांची मुदत मिळाली, आणि तसा कागद पुन्हा दाराखालून सरकला.

त्या मुदतीतच पुठ्ठा आजारी पडला. तिघांत तोच धडधाकट, ताटलीवर आधी तुटून पडणारा. एका सकाळी तो ताटलीजवळ नुसता बसून राहिला, मग ओकला. अक्काने कारखान्यात निरोप धाडला आणि त्याला छातीशी धरून पूल ओलांडला.

"विषाणूचा आजार आहे," डॉक्टरीण म्हणाली. "लस असते ती याचीच. याचं आईकडचं बळ लवकरच संपलं आणि लसीची तारीख अजून आली नाही. मधल्या फटीत सापडला."

"मग आता?"

"सलाइन, इंजेक्शनं, रोज. खर्च खूप, खात्री काहीच नाही. बाकी दोघींना आत्ताच वेगळं करा, आणि फरशी ब्लीचच्या पाण्याने पुसा."

चार दिवस अक्का त्याला घेऊन बाकावर बसत होती. औषधांची पावती बारा लसींच्या खर्चापुढे गेली. तिसऱ्या दिवशी भाऊ न राहवून म्हणाला, "अक्का, अगं कवळीचे पैसे गेले."

"जाऊ देत. आहेत तेवढ्या दाढांनी चावीन."

"आणि वाचला नाही तर?"

"तर मांडीवर मरेल. पोत्यात नाही."

चौथ्या दिवशी दुपारी तो मांडीवरच गेला. अक्का तिथे रडली नाही. फडक्याच्या चारही कडा सारख्या दुमडून तिने त्याला गुंडाळलं, घरी येऊन गुडघ्यांवर बसून सगळी फरशी घासली, मग पुन्हा घासली. भावाने बादली बदलून दिली.

दुसऱ्या दिवशी जिन्यात चेअरमन भेटला. "बघा, मी सांगतच होतो."

"तुम्ही काय सांगत होतात? लस द्या म्हणत होतात. देता आली असती तर तुमच्या नोटिशीआधी दिली असती." तिचा आवाज किंचित कापला, आणि त्याचाच तिला राग आला. "ते माझ्या घरात मेलंय. त्याच्या नावाने तुम्ही आपलं खरं करू नका. वाट सोडा."

त्याने सोडली. पण मुदत संपली त्या संध्याकाळी वॉचमनला घेऊन दारात हजर झाला. अक्का उंबऱ्यावर स्टूल टाकून बसली होती, मांडीवर शिवायचं काम. आत शाई आणि कातरण, दोघी ठणठणीत. आईच्या दुधाची शिल्लक म्हणा, नशीब म्हणा.

"बाजूला व्हा, बाई."

"नाही होत."

चेअरमनने वॉचमनकडे पाहिलं. वॉचमनने आपल्या बुटांकडे. तेवढ्यात अक्काच्या मागून भावाचा आवाज आला, घोगरा आणि घाबरलेला.

"ठराव बजावलेलाच नाही."

"काय?"

"दाराखालून कागद सरकवला म्हणजे बजावणी होत नाही. रजिस्टर पोस्टाने यावा लागतो, पोचपावतीसह. बत्तीस वर्षं मी तेच काम केलंय." तो अक्काच्या शेजारी येऊन उभा राहिला. "आला की सही करून घेईन. तोवर नमस्कार."

अक्काने मान वळवून भावाकडे पाहिलं. मग स्टूल जरा सरकवून त्याला उंबऱ्यावर जागा करून दिली.

चेअरमन मागे फिरला. रजिस्टर पोस्टाने पाकीट यायला नऊ दिवस लागले. ते आलं त्याच्या आदल्याच दिवशी, दोघींना लागण झालेली नाही अशी खात्री करून, डॉक्टरीणबाईंनी पहिली लस टोचली होती. भावाने पाकीट सही करून घेतलं, आणि उत्तरात लसीच्या कार्डांच्या प्रती रजिस्टरनेच धाडल्या, पुढच्या सगळ्या तारखांसह. बारा आठवड्यांची लस झाली, तिची प्रत गेली. रेबीज झाली, तिची गेली. सोळा आठवड्यांची झाली, तिचीही गेली. चेअरमनला प्रत्येक वेळी खाली उतरून पोस्टमनच्या वहीत सही करावी लागे. चौथ्या पाकिटानंतर सभेत जनावरांचा विषय निघेनासा झाला. ठराव रद्द झाला असं मात्र कुणी कधी म्हटलं नाही.

सहा महिने झाल्यावर दोघींच्या नसबंदीची तारीख आली, तेव्हा लिफ्टपाशी नवी पाटी लागली होती: 'जनावरांना लिफ्ट वापरण्यास मनाई.' अक्काने पाटी वाचली. मग दोन्ही टोपल्या घेऊन सरळ लिफ्टमध्ये शिरली. दार लागायच्या आत चेअरमन घाईघाईने आत आला, आणि टोपल्या दिसल्या तेव्हा बाहेर पडायला उशीर झाला होता. शाईने एक लांबलचक म्याँव केलं.

"पाटी वाचलीत?" त्याने विचारलं.

"वाचली," अक्का म्हणाली. "अक्षर छान आहे."

खाली पोचेपर्यंत दोघंही समोरच्या दाराकडे बघत राहिली. लिफ्ट थांबली तेव्हा टोपल्यांना वाट द्यायला चेअरमन कडेला सरकला. आधी अक्काच बाहेर पडली, आणि पुलाच्या दिशेने चालू लागली.