राहून गेलेली सोळा पानं

“यार, त्या बाईला मनोऱ्यावरून ढकललं कुणी?” बँकवाले काका इतके ओरडले की दिल्लीच्या द्वारकेतली कबुतरं थेट विमानतळावर जाऊन बसली. पुण्याहून आलेली ती भयाण रहस्यकादंबरी, अजून लिफ्टही न बसलेल्या आमच्या सोसायटीतल्या सातही मराठी घरांत फिरली होती. आणि बांधणीत शेवटची सोळा पानं राहूनच गेली होती!

तळमजल्यावरच्या काकू मेथी निवडत होत्या. पुस्तकात खुणेला मेथीची काडी घालायच्या आणि दर वाक्याला ‘बिल्कुल’ जोडायच्या. वाचलं त्यांनीही आमच्याइतकंच होतं. तरी म्हणाल्या, “धाकट्या जावेनं. बिल्कुल.” मग तासभर असा शेवट सांगितला, की वीज गेली, आली, पुन्हा गेली, पण घाम पुसायला कुणाचा हात उठला नाही. काका तर त्या खुनी जावेसाठी हुंदके देत होते.

दिवाळीत मी पुण्याहून पूर्ण प्रत आणली. खून माळ्यानं केला होता! धावतच काकूंकडे गेलो.

त्यांनी सोळाही पानं शांतपणे वाचली आणि पुस्तक मला परत दिलं.

“लेखकाला कळलं नाही,” त्या म्हणाल्या.