सूनबाईची घरातली ड्युटी

टक्... टक्... टक्.

थेरगावच्या आमच्या दोन खोल्यांत हा आवाज पहिल्यांदा ऐकला, त्याला आता बरीच वर्षं झाली. मी जन्मभर कारखान्यात प्रेसशॉपला, पत्रा ठोकायच्या खात्यात काम केलेला माणूस. तिथल्या दणक्यांनी माझा एक कान अधू केला. तरी सूनबाईच्या पायाखालचा तो बारका आवाज मला भिंतीपलीकडून कळायचा.

संध्याकाळी बाकावर बसलो की दोस्तमंडळी म्हणतात, "तात्या, तुम्ही दिवसभर चार शब्द बोलत नाही, पण सुनेच्या नोकरीचा विषय निघाला की थांबत नाही!" खरं आहे. पण किस्से काही मी गोळा करायला गेलो नाही. लहान घर, त्यात आम्ही दोघं, मुलगा, सून आणि नात अशी पाच माणसं आणि त्यातल्या एकीला शांतता पाहिजे, एवढ्यावर ते आपोआप साठत गेले.

*

प्रज्ञाचं काम असं. परदेशातले डॉक्टर पेशंटला तपासून झाले की त्याची हकिगत तोंडानं बोलून रेकॉर्ड करायचे. ती हिनं हेडफोन लावून ऐकायची आणि इंग्रजीत टाइप करायची. हात टायपिंगला गुंतलेले, म्हणून पायाखाली पेडल.

ते पेडल कुरिअरनं आलं त्या दिवशी ती बाहेर गेली होती. खोका उघडला माझ्या बायकोनं, हिरानं. खालीवर करून पाहिलं आणि म्हणाली, "अवो, शिलाई मशीनचं नुसतं पायडल आलंय. मशीन ऱ्हायली वाटतं कंपनीत!"

आणि ही बातमी तिनं चाळभर केली. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात तीन बाया उभ्या, हातात ब्लाऊजपीस! प्रज्ञा समजावतेय तोवर एकीनं हात वर करून सांगितलं, "बाही जरा सैल ठेव गं."

*

मग प्रज्ञानं सासूला समोर बसवून सगळं दाखवलं. "हे बघा आई, पेडल दाबलं की डॉक्टर बोलतो. पाय उचलला की गप्प."

हिरानं एकदा पेडलकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

"आमच्याकडं उलटं हाय," ती म्हणाली. "कितीबी दाबा, बोलतच न्हाई!"

*

एक डॉक्टर होता, तो कायम काहीतरी चावत बोलायचा. प्रज्ञा एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकत बसायची. एकदा वैतागून तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"काय झालं गं?" हिरानं विचारलं.

"अहो आई, हा माणूस खात खात बोलतो. काही कळतच नाही."

"काय खातोय?"

"चिप्स असतील."

हिरानं क्षणभर विचार केला. "मग तेवढं लिहू नगंस. बाकीचं लिही!"

*

माझी थोरली बहीण गावाहून आली होती. प्रज्ञानं वाकून जयभीम केला, पाणी दिलं आणि आत जाऊन कामाला बसली. फाईल वेळेत द्यायची होती. थोड्या वेळानं आक्का दारातून म्हणाल्या, "सूनबाई, चहा घेतेस का?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. उत्तर नाही. सूनबाई आपली पाय हलवतेय आणि भिंतीकडं बघतेय.

आक्का हळूच माझ्याजवळ येऊन बसल्या. डोळ्यांत पाणी.

"तात्या, पोरीला ऐकू येत न्हाई, हे लग्नात सांगितलं नव्हतं त्यांनी. पण तू सांभाळून घेतलंस. मोठं मन हाय तुझं."

*

शेजारच्या पार्वतीबाईंनी तर तिला डॉक्टरच करून टाकलं. रक्ताचा रिपोर्ट आला की पदराखाली धरून थेट आमच्याकडं.

"काकू, मी फक्त टाइप करते. मला यातलं सांगता येत नाही, डॉक्टरांना दाखवा," प्रज्ञा हात जोडायची.

"सांगू नगंस बाई. तू नुसता वाच. मी तुझं तोंड बघते."

बिचारी प्रज्ञा! रिपोर्ट हातात घेऊन चेहरा दगडासारखा ठेवायची. एकदा नेमकी तिला शिंक आली. पार्वतीबाई तिथंच खाली बसल्या!

*

एकदा मात्र ती टायपिंग करता करता रडत होती. हिरा पोळ्या टाकायची थांबली.

"कोण गेलं गं?"

"कुणी नाही, आई. एका लहान मुलाची फाईल आहे. फार आजारी आहे."

"आपल्या वळखीचं हाय?"

"नाही. कोण, कुठला, मला सांगायचीसुद्धा परवानगी नाही."

हिरा पुन्हा पोळ्यांकडं वळली. पण दुसऱ्या दिवशी चहा ठेवताना तिनं विचारलं, "त्या पोराचं कसं हाय?" तिसऱ्या दिवशीही विचारलं. प्रज्ञा म्हणाली, "आई, त्याची पुढची फाईल माझ्याकडं आली नाही. दुसरीकडं गेली असेल."

"मग त्या दुसरीला इचार की! तीबी कुणाची तरी सूनच आसंल."

*

एवढं असूनही हिराला ती नोकरी वाटायची नाही. नोकरी म्हणजे डबा, बस, गळ्यात ओळखपत्र. तिचा भाचा दत्ता चाकणला एका कंपनीत सुपरवायझर. त्याच्याकडं तिनं सुनेसाठी शब्द टाकून ठेवला होता. "दारात बस येती. घरात बसून कसली ड्युटी!"

त्यात प्रज्ञाच्या कामात चुका निघायला लागल्या. एकीकडं कुकर, दुसरीकडं टीव्ही, खाली भंगारवाला. ऑफिसातून फोन आला, या आठवड्यातल्या फायली नीट झाल्या नाहीत तर काम बंद. त्या दिवशी ती जेवली नाही. नात शाळेतून दुपारीच घरी यायची. चाकणची शिफ्ट धरली तर मायलेकींची भेट संध्याकाळीच. पण सासूपुढं ती एवढंच म्हणाली, "हे गेलं तर जाईन मी चाकणला."

त्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी भाजी घेऊन परत आलो, तर माझ्यापुढं जिन्यात दत्ता. मोठ्या आवाजाचा माणूस. वरच्या पायरीवर, आमच्या बंद दाराला पाठ लावून हिरा बसलेली. शेजारी खलबत्ता, घरात आवाज नको म्हणून बाहेर आणलेला.

"जयभीम मावशी! इथं का बसलीस?"

हिरानं ओठांवर बोट ठेवलं.

"बरं, वहिनीची कागदपत्रं दे. आजच द्यायचीत साहेबांना."

"हळू बोल. ती ड्युटीवर हाय."

"कसली ड्युटी? घरात तर बसलीय!"

"ड्युटीवर हाय म्हणलं ना? सुटल्यावर ये."

"सुटणार कधी ती?"

"रिटायर झाल्यावर!"

दत्ता माझ्याकडं बघायला लागला. मी भाजीच्या पिशवीकडं. तेवढ्यात दार उघडलं. प्रज्ञा उभी होती, हेडफोन गळ्यात. तिनं सगळं ऐकलं होतं.

हिरा गुडघ्यावर हात टेकून उठली. खलबत्ता कमरेवर घेतला आणि कुणाकडंही न बघता गच्चीच्या पायऱ्या चढून निघून गेली.