मानवतचा टप

माझे सासरे लष्करात ड्रायव्हर होते. पेन्शनीवर झरीला परत आले, तेव्हा लिलावात घेतलेली एक जुनी जीप त्यांनी सोबत आणली आणि झरी-परभणी रस्त्यावर ती भाड्यानं चालवायला लागले. आमच्या बौद्धवाड्यात उभी राहणारी ती एकच मोटार. पुढं काच होती, खाली पत्रा होता, आणि वर मात्र नुसती लोखंडी कमानींवर ताणलेली ताडपत्री.

मी गावातल्या शाळेवर शिक्षिका. नवरा नांदेडला नोकरीला, महिन्यातून एखाद-दुसऱ्यांदा यायचा. सासूबाई कामापुरतं बोलायच्या. घरात माझ्या गप्पा व्हायच्या त्या सासऱ्यांशी. मी त्यांना मामा म्हणायचे.

मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. मला दिवस गेले होते. आदल्या साली एक बाळ पोटातच गेलं होतं, म्हणून या खेपेला घरातले सगळेच जपून होते. परभणीच्या दवाखान्यात दाखवून आम्ही परत येत होतो आणि रस्त्यात वावटळीनं गाठलं. ताडपत्री मागून टरकली आणि फडफडत माझ्या पाठीवर आपटायला लागली. धूळ अशी की श्वास घेता येईना. मामांनी गाडी बाभळीच्या आडोशाला लावली, गळ्यातला मफलर काढून माझ्या तोंडाला गुंडाळला आणि वारं पडेपर्यंत ते माझ्या अंगावर आडवे हात धरून उभे राहिले. त्यानंतर मी कितीतरी दिवस खोकत होते. खोकला आला की मामा अंगणातून आत बघायचे.

एका सकाळी म्हणाले, "बाई, आता या फडक्याखाली तुला न्यायचं न्हाई. पत्र्याचा टप पाहायलोय मी."

जीपवर बसवायचा आणि हवा तेव्हा काढून ठेवायचा तसला लोखंडी टप नवा मिळणं आमच्या भागात अवघडच. पण ओळखीच्या एका ड्रायव्हरकडून कळलं, की मानवतच्या एका कापसाच्या व्यापाऱ्यानं आपली जीप भंगारात काढली, टप तेवढा मागं राहिलाय. रविवार होता. मीही हट्टानं सोबत गेले.

व्यापारी बोलायला मोकळा होता. "न्या की. नुसता पडून हाय," असं म्हणत त्यानं आम्हाला गोदामामागं नेलं. भिंतीला लागून रचलेल्या विटांच्या कंबरभर उंचीच्या पोकळ चौकोनावर टप ठेवलेला होता. हिरवा रंग पापुद्रे धरून सुटत होता, कडा गंजानं तांबड्याभडक झाल्या होत्या. आणि आतून आवाज येत होता, टुंग, टुंग, टुंग.

मामा थांबले. "आत कोण हाय?"

"पिंजारी. बसतो हितं. उठवतो त्याला."

मामांनी हातानंच व्यापाऱ्याला थांबवलं, वाकले आणि टपाच्या बाजूच्या काचेतून आत बघितलं. कापसाच्या ढिगात एक म्हातारा कापूस पिंजायची धनुकली घेऊन बसला होता. दाढी, भुवया, डोक्यावरची टोपी, सगळ्यावर कापूस. कोपऱ्यात चूल आणि वळकटी. म्हणजे तो नुसता बसत नव्हता, राहत होता.

"चाचा, सलाम," मामा म्हणाले. "आमी टप न्यायला आलो होतो. तुमचं घर हाय हे आमाला ठाऊक नव्हतं. जातो आमी."

म्हातारा सरपटत बाहेर आला. बायको वारली, लेक सेलूला दिलीय, शेठनं मेहेरबानीनं जागा दिलीय, असं काही काही त्यानं सांगितलं. बोलता बोलता त्याची नजर माझ्याकडं गेली.

"सून हाय का?"

"हौ."

"तिच्यासाठी पाहिजे टप?"

मामांनी वावटळीचं आणि फाटलेल्या ताडपत्रीचं सांगितलं.

"मग न्या," चाचा म्हणाले. "पत्र्याखाली उन्हाळ्यात भट्टी होते नुसती. तुमची ताडपत्री द्या मला. तिच्यात हवा तरी लागंल."

मामा काही लगेच तयार झाले नाहीत. त्यांनी ताडपत्री घरी आणली, फाटलेल्या जागी दुहेरी ठिगळं लावून शिवली, वरून मेण फिरवलं. पुढच्या रविवारी कमानींसकट नेली, टप खाली उतरवून त्या विटांच्या भिंतींवर स्वतः बांधली, वरून बादलीभर पाणी ओतून बघितलं. मगच टप न्यायला तयार झाले. हमालांनी तो जीपवर ठेवला, पण बोल्टांची भोकं काही जुळेनात. तेव्हा दोरखंडानं बांधून, बैलगाडीच्या चालीनं, तो झरीला आला.

मग आमच्या अंगणात काम सुरू झालं. मामा सकाळी भाडं मारून येत आणि दुपारभर पत्रा घासत. हिरव्याखाली निळा रंग निघाला, निळ्याखाली पुन्हा हिरवा. कुजलेल्या कडा कापून परभणीला वेल्डिंग करून आणल्या, बोल्टांची नवी भोकं पाडून घेतली. काचांचं रबर वाळून चुरा झालं होतं, तिथं सायकलची ट्यूब कापून बसवली. पुढच्या काचेच्या वर बोटभर फट राहत होती. तिच्यात लष्करातल्या घोंगडीची पट्टी गेली.

शाळा सुटली की मीही पॉलिश पेपर घेऊन बसायचे. सासूबाईंना ते बघवेना.

"पोटुशी बाई तू, पत्रा कशाला घासायलीस? लोक काय म्हणतील?"

"मला बरं वाटतं, आत्या."

त्यांनी माझ्या हातातून कागद ओढून घेतला. मला वाटलं, फेकून देतील. पण त्या पदर खोचून तिथंच बसल्या आणि भांडं घासावं तसा तो पत्रा घासायला लागल्या. मामांनी माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घालून हसले. त्या दिवसापासून सासूबाई माझ्याशी कामापलीकडचंही बोलायला लागल्या.

टपाला तांबडा प्रायमर लागला होता, वरचा रंग बाकी होता, तेव्हा भर दुपारी गारा पडल्या. अंगण पांढरं झालं. मळ्यातली ज्वारी आडवी झाल्याची बोंब उठली. मामा जीपमध्येच होते. वर पत्र्यावर गारांचा एवढा गजर, पण आत थेंब आला नाही. मी दारातून ओरडले, "मामा, गळत न्हाई!"

ते गाडीतून आले ते उतरलेल्या चेहऱ्यानंच. "मानवतलाबी पडल्या असतील," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच चहा न घेता ते निघाले. दुपारी परत आले तेव्हा मागं चाचा बसले होते. मांडीवर आडवी धनुकली, पायाशी भिजलेल्या कापसाची गाठोडी. ताडपत्रीच्या चिंध्या झाल्या होत्या. गारा पडत असताना म्हाताऱ्यानं धनुकलीच्या तातीला, तिच्या दोरीला, पाणी लागू नये म्हणून ती पोटाशी घेतली होती आणि पाठ वर करून बसून राहिला होता. सदरा काढला तेव्हा सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. पाठ काळीनिळी झाली होती.

मामा नंतर मला म्हणाले, "मी तिथंच बोल्ट खोलायला घेतले होते. म्हटलं, तुमचा टप तुमाला परत. तर यांनी माझ्या हातातला पानाच धरला. म्हणाले, दिलेली चीज वापस घेत न्हाईत हवालदारसाब. मी म्हटलं, मग तुमीच गाडीत बसा."

चाचा आमच्या पडवीत राहिले. सासूबाईंनी हळद गरम करून त्यांच्या पाठीला लावायला मामांच्या हाती दिली. कापूस आमच्या चादरींवर वाळला. पाठ बरी झाली तशी टुंग टुंग सुरू झाली आणि गावातल्या गाद्या यायला लागल्या. वरच्या आळीतल्या बाया पहिल्यांदा गादी फाटकापाशी टाकून जायच्या. मग आपला कापूस दुसऱ्याच्यात मिसळू नये म्हणून त्या तिथंच थांबायला लागल्या. उभं राहून पाय दुखले की ओट्यावर टेकायच्या. एकीनं तर एकदा पाणी मागितलं. सासूबाईंनी तांब्या दिला आणि ती प्याली.

चैत्रात पत्रा तापायला लागला. टपाखाली हात लावला की चटका बसे. मामा काळजीत पडले. चाचांनी सासूबाईंकडून जुनी लुगडी मागून घेतली, त्यांत पातळ कापूस घालून धावदोरा मारला आणि टपाला आतून, पट्ट्यापट्ट्यांनी, एक अस्तर बांधलं.

"मोटारीला गोधडी!" मामा म्हणाले आणि कितीतरी वेळ हसत राहिले. मी त्यांना तसं हसताना क्वचितच बघितलं होतं.

माझ्या कळा सकाळी सुरू झाल्या आणि जीप परभणीच्या दवाखान्याकडं निघाली. मागं मी सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी होते, पुढं मामा आणि त्यांच्या शेजारी, कुणी न सांगता येऊन बसलेले चाचा. खड्डा दिसला की चाचा आधीच हात वर करायचे आणि मामा गाडी जवळजवळ थांबवायचे. एक टांगा आमच्या पुढं निघून गेला.

"अहो, आता तरी चालवा!" सासूबाई ओरडल्या. "हितंच बाळंत होईल ती!"

मला त्या कळांतही हसू आलं. वर लुगड्यांचे तुकडे दिसत होते, हिरवे, जांभळे, विटके. गरम वारं बाहेरच्या बाहेर जात होतं. मला भीती वाटत नव्हती, हे मला अजून आठवतं.

दुपारी मुलगी झाली. धडधाकट. मामांनी तिला घेतलं, तिच्या कपाळाला बोट लावलं आणि चाचांच्या हातात दिलं. चाचांनी तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटलं आणि तिच्याकडं बघतच बसले.

घरी आल्यावर पाच-सहा दिवसांनी त्यांनी मामांना विचारलं, "सेलूकडं भाडं हाय का कधी?"

"का?"

"लेक हाय तिथं. किती वेळा बोलवायला आली. मी म्हणायचो, बापानं लेकीच्या घरी राहायचं न्हाई, लाज वाटते." त्यांनी धनुकलीच्या तातीवरून बोट फिरवलं. "तुमी सुनेसाठी एवढं केलं. ती माझ्यासाठी करती म्हणतीय, तर मी तिला करू देईना. आता वाटायलंय, तिला किती वाईट वाटलं असंल."

मामा म्हणाले, "भाडं कशाला पाहिजे? उद्या जाऊ."

सासूबाईंनी भाकरी आणि ठेचा बांधून दिला. मी बाळाला घेऊन फाटकापर्यंत गेले. संध्याकाळी मामा एकटेच परत आले, हातपाय धुतले, जेवायला बसले. शेवटी मीच विचारलं, लेक काय म्हणाली म्हणून.

"काहीच न्हाई," मामा म्हणाले. "बापाकडं नीट बघितलंबी न्हाई तिनं. आधी गाडीतून धनुकली काढली आणि घरात नेऊन खुंटीला लावली. मग दारात येऊन रडायला लागली."