विनिफ्रेडच्या वाती

आमच्या गावात तोंडावर खरं बोलणं म्हणजे पाप. केक करपलेला असो की सुनेने गायलेलं गाणं बेसूर असो, आम्ही "छान, छान" म्हणतो आणि चहा ओततो. या छान-छानने विनिफ्रेड हार्बॉटलचा घात होणार होता आणि त्यात मीही सामील होते. अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते, आणि ती आग निम्मी माझ्यावरच असते.

विनिफ्रेड माझी शेजारीण. नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यावरच्या या गावात तीस वर्षं तिने शाळेतल्या मुलांना जेवू घातलं, आणि निवृत्त झाल्यावर घरी काचेच्या बरण्यांत सुगंधी मेणबत्त्या करून विकू लागली. डिसेंबरात गावच्या हॉलमध्ये बाजार भरतो. त्यात दाराजवळचं टेबल अकरा वर्षं तिचंच. मागच्या हिवाळ्यात तापात तिचं नाक गेलं. टोस्ट करपला तरी धूर दिसेपर्यंत तिला पत्ता लागत नसे.

"मला नसेना, कथबर्टला तर नाक आहे," ती म्हणाली. कथबर्ट तिचा नवरा, अगदी देवमाणूस. तिथेच सगळं बिघडलं.

लोकांना वाटतं, सुगंध तेलात असतो. विनिफ्रेडच्या मते निम्मा तेलात, निम्मा वातीत. वात बारीक पडली तर मेण मधल्यामध्ये विहिरीसारखं खोल जळतं, कडेचं तसंच राहतं, ज्योत बुडते आणि वास बरणीबाहेर येत नाही. जाड झाली तर काजळी धरते, खोलीभर धूर. बरणी बदलली की वात नव्याने निवडायची. त्यासाठी ती एकाच घाण्याच्या तीन बरण्या तीन जाडीच्या वाती लावून ओतायची, दोन आठवडे मुरू द्यायची आणि मग तीन तास पेटवायची. वास घेणाऱ्याने आधी परसात जाऊन वारा खायचा आणि मग आत यायचं, हा तिचा नियम. खोलीतच बसलेल्या नाकाला काही कळत नाही.

कथबर्ट परसात जायचाच नाही. कधी गुडघे दुखत, कधी पाऊस असे. खुर्चीत बसून शब्दकोडं सोडवता सोडवता तो तिन्ही बरण्यांना म्हणायचा, "छान आहे गं." यंदा बरण्या रुंद आल्या, आणि त्या छानवर विसंबून विनिफ्रेडने जुनीच बारीक वात ठेवली.

नोव्हेंबरात हॉलच्या समितीचं पत्र आलं. मेणबत्त्यांना वास नाही अशा तीन तक्रारी आल्या आहेत, टेबल दुसऱ्या कुणाला द्यायचं का ते शुक्रवारी ठरेल. तिघांपैकी एकानेही तिला सांगितलं नव्हतं!

पत्र घेऊन ती माझ्याकडे आली आणि तिची नजर माझ्या खिडकीत गेली. तिचीच मेणबत्ती होती तिथे. मधे खोल विहीर, तळाशी बुडालेली काळी वात. वास तिला येत नसला तरी डोळे शाबूत होते.

"हे कधीपासून असं?"

"मार्चपासून."

"आणि मला काय सांगितलंस?"

मी चहाची किटली उचलली.

"बोल की!"

"छान आहे म्हणाले."

"छान! अगं, मी आंधळी झाले असते आणि खड्ड्याकडे चालले असते, तर 'छान चाललीस' म्हणाली असतीस?"

"तुला वाईट वाटेल म्हणून गं..."

"माझ्यासाठी नाही! स्वतःला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून."

ती बरोबर बोलत होती.

त्याच दुपारी तिने बाजारासाठी आधीच ओतून मुरलेल्या, तीन जाडीच्या वातींच्या तीन बरण्या तीन खोल्यांत पेटवल्या आणि मला आणि कथबर्टला परसात हाकललं. पाऊस भुरभुरत होता. तीन तासांनी पहिल्या खोलीत मला आधी पाठवलं.

"काहीच वास नाही, विनिफ्रेड."

"हं. पुढची."

"धूर. डोकं धरतंय."

तिसऱ्या दारात कथबर्ट ओल्या कोटानिशी थबकला. "कुणी संत्र्याचा मुरंबा घातलाय का? आई जानेवारीत घालायची ना, तसा घमघमाट आहे."

मला वाटलं, आता ती हसेल. ती हसली नाही. "आठ महिने, कथबर्ट," ती म्हणाली. "आठ महिने तू खुर्चीतून उठला नाहीस."

शुक्रवारी ती तिसऱ्या खोलीतल्या वातीची बरणी घेऊन समितीच्या बैठकीत शिरली. "परवानगी मागत नाहीये," म्हणत तिने ती टेबलावर पेटवली आणि सगळ्यांना बाहेर पावसात काढलं. तासाभराने एकेकाला आत घेतलं. चिटणीस मिसेस प्रिंगल दारातच "छान..." म्हणू लागल्या.

"छान नको. कशाचा वास येतोय ते सांगा."

"संत्र्याचा," त्या पुटपुटल्या. "जिन्यापर्यंत येतोय."

टेबल तिचंच राहिलं. बाजाराच्या दिवशी त्यावर एक पाटी उभी होती: मला वास येत नाही. तुम्हाला येतो. यंदाची मेणबत्ती वाया गेली असेल तर परत आणा, बदलून देईन. पण आधी माझ्या तोंडावर सांगा.

माणसं पाटी वाचत आणि आपापले बूट न्याहाळत पुढे सरकत. टेबलासमोर कुणी थांबेना. मी माझ्या खिडकीतली विझलेली बरणी दोन्ही हातांत धरली आणि सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणाले, "विनिफ्रेड, हिला कधीच वास नव्हता."

"मार्चमध्ये सांगायला काय झालं होतं?" असं म्हणून तिने नवी बरणी माझ्या हातात आदळली. माझ्यामागे रांग लागली होती.