‘गारपीट’ला दार उघडणाऱ्या विमलकाकू

विमलकाकूंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या केळीबागेविषयी जाणकार मंडळी लिहितीलच. मी लिहिणार आहे त्यांच्या कुतूहलाविषयी, कारण आमचा हेवी मेटल बँड त्यावरच जगला.

पहिली भेट अर्धापूरला, त्यांच्या केळी पिकवायच्या खोलीत झाली. नांदेडात सरावाला बसलो की शेजारी दार ठोठावायचे. काकूंच्या मुलाची ओळख होती, आणि त्या खोलीच्या जाड भिंतींतून आवाज बाहेर जात नसे. ती रिकामी असेल तेव्हा आम्ही तिथं वाजवायचो. एका दुपारी दार उघडून काकू स्वतः आत आल्या. मी गळा फाडून गात होतो. म्हटलं, झालं, गाशा गुंडाळा! त्यांनी सरळ माझ्या छातीवर तळवा ठेवला.

“हं, पुन्हा वरड.”

मी ओरडलो.

“अगं बया! पोटातून येतंय की हे. दुखत न्हाई?”

मग ड्रम, मग गिटार, प्रत्येकाला “हे कामून?” आता लातूरला शिकवणीवर्गात मी भौतिकशास्त्र शिकवतो, तिथं इतके प्रश्न कुणी विचारत नाही. जाताना त्यांनी बँडचं नाव विचारलं. “गारपीट,” मी म्हणालो. काकूंचा चेहरा पडला. केळीच्या गावात येऊन हे नाव सांगणारे आम्हीच शहाणे! तरीही त्यांनी गूळ घातलेला चहा पाठवला, घशासाठी.

पुढं आम्ही लाइव्ह अल्बम करायचं ठरवलं, म्हणजे लोकांसमोर वाजवायचं आणि तेच चुकांसकट ध्वनिमुद्रित करायचं. आमचा ड्रमर नोकरीसाठी पुण्याला निघाला होता, तेव्हा ही एकच संधी होती. काकूंनी त्यांचं पत्र्याचं शेड दिलं. पोस्टर लागलं आणि बागायतदार काकूंच्या दारात जमले.

“काकू, उभ्या बागा हायेत. असलं अभद्र नाव घेऊन ढोल बडवायचे न्हाईत. नाव तरी बदला.”

आम्ही बदलायला तयारही झालो होतो. काकूंनी मात्र मला विचारलं, “हेच नाव कामून घेतलं रे?”

मी सांगितलं. लहानपणी बिलोलीला आमच्या पत्र्यावर गारा पडल्या, तेव्हा मी खाटेखाली लपलो होतो. तो आवाज कानात बसला. ते भ्यावच मी गात आलोय.

काकूंनी ऐकून घेतलं. मग लोकांकडं वळल्या. “नाव घेतल्यानं गारा पडत असत्या, तर पावसाचं नाव घेऊन घेऊन आपला मराठवाडा कवाच भिजला असता! व्हायचं ते माझ्या दारात होईल. तुमी ऐकायला या.”

लोक आले. रागानं आले असतील, पण शेवटपर्यंत बसले.

संध्याकाळी ढग दाटले. आम्ही वाजवत राहिलो. दोन गाण्यांच्या मधे अल्बमवर काकूंचा आवाज स्पष्ट येतो: “आभाळ कसं हाय रे?” साउंडवाला ते काढू म्हणत होता; आम्ही राहू दिलं. आता लातूरला कार्यक्रमात पोरं ती ओळ ओरडतात. एकानं तर त्यात अध्यात्म शोधलं! देवाच्या कृपेनं त्या दिवशी एकही गार पडली नाही.

त्या ओळीचा खरा अर्थ मलाही माहीत नव्हता. हा लेख लिहायला बसलो तेव्हा अर्धापूरला जाऊन विचारलं. “काकू, तुमचा तर असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता ना?”

“कोण म्हणलं? लई भ्याले होते बाबा. माझी बी बाग उभीच होती. पत्र्यावर काडी पडली तरी काळीज हलायचं.”

“मग आम्हाला थांबवलं का नाही?”

“तू तुझं भ्याव सांगितलं होतंस. त्यात माझं कशाला घालू?”

इतकी वर्षं मी भीतीवर गाणी म्हणतोय आणि काकू पहिल्या रांगेत ती भीती मुकाट्यानं सोसत बसल्या होत्या. काकूंना शंभरी लाभो, गुडघ्यांनी साथ द्यावी, प्रश्न कधी आटू नयेत. पुढचा अल्बमही त्यांच्याच शेडमध्ये करायची आमची इच्छा आहे. एवढीच विनंती, या वेळी भ्याव वाटलं तर सांगा, काकू. गाणं थांबवू, आणि तुमच्याजवळ येऊन बसू.